आधी उतरू द्या

बत्तीस वर्षं स्वारगेट–धायरी.
खांद्याला चामड्याची पिशवी, हातात पंच,
मागच्या दारातून दिवसभर आत येणारा डिझेलचा धूर.
डेपोतल्या विड्या त्यात माझ्या मीच घातलेल्या.
आता रात्री तीनला छातीत
कुणीतरी गंजलेलं शटर ओढतं,
आणि ते अर्ध्यावर अडकतं.

दवाखान्यात आफरीन मुल्ला, माझ्या धाकटीएवढी,
म्हणाली, काका, पंप कसा घेता, दाखवा.
दाखवला. ऐटीत. फुस्स.
निम्मं औषध मिशीवर.
ती म्हणाली, आत जागाच नाही, औषध बसणार कुठं?
आधी श्वास सोडा. होईल तेवढा.

तेव्हा दांडेकर पुलाच्या थांब्यावरचा
माझाच आवाज मला ऐकू आला:
ओ ताई, आधी उतरू द्या! मग चढा!

टोपण काढायचं.
(एकदा टोपणासकट दाबलाय, तेही सांगून टाकतो.)
हलवायचा, आणि नळकांड्यात बसवायचा.
नळकांड्याला आफरीन स्पेसर म्हणते,
आमच्या घरात दुधी.
जुनी हवा सगळी उतरवायची,
ओठ घट्ट, बेल एकदाच,
मग घाटातल्या गाडीसारखं, पहिल्या गियरमध्ये,
सावकाश
आत.
आता गाडी उभी. दहा आकडे.
सातव्यावर इंदू हमखास विचारते, भाजी कुठली करू?
मी भुवईनं सांगतो, थांब.
दुसरा दाब मिनिटभरानं. ती वेगळी फेरी.

दिवाळीत बरं वाटलं.
पर्वती अर्धी चढलो, खाली येऊन पंप कपाटात टाकला.
मोकळ्या छातीला कशाला औषध?
सतरा दिवस गेले.
अठराव्या रात्री रिक्षात इंदूच्या मांडीवर डोकं,
हातात निळा पंप, आणि सिग्नल लाल.
वाक्यातले तीन शब्द झाले की श्वास संपायचा.

त्या खाटेवर मला पाच दहाची गाडी आठवली.
थंडीत तीन माणसं, कधी एकही नाही,
तरी सोडायची.
पाच दहाची चुकवली
की सहाला थांब्यावर शंभर, आणि शिव्या.

निळा म्हणजे रिक्षा. अडला की हात करायचा.
जांभळा म्हणजे ही पाच दहाची,
सकाळी दोन दाब, रात्री दोन,
कुणी उभं असो नसो.
जीव घाबरला की हिच्यामागं पळू नये,
तिला तो वेग नाही.
आणि आठवड्यात तीनदा रिक्षा करायची वेळ आली
तर वेळापत्रकच बिघडलंय,
डॉक्टरांना दाखवायचं.

चूळ भरायला केंजळे ड्रायव्हरला कंटाळा.
खळखळून थुंकायचं फक्त, गिळायचं नाही,
तेवढंही नको.
मग जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं आलं,
आणि महिनाभर मिसळ बंद.
पुण्यात राहून!
त्याच्या जुन्या पंपाला आकड्याची खिडकी नव्हती.
आठ दिवस नुसत्या हवेची तिकिटं फाडत होता बिचारा,
म्हणायचा, आवाज तर येतोय.

माझ्या पंपाला आहे खिडकी. एकशेवीसवरून उतरते.
वीस राहिले की इंदू कॅलेंडरवर गोल करते, नवा आणायचा.
रोज रात्री मी वेबिल लिहितो,
जुनी खोड.
आज हिशोबानं चव्वेचाळीस,
खिडकीत सेहेचाळीस.

दोन दाब कुठंतरी राहिले.
मंगळवारी बहुतेक, नातीचं बारसं होतं.
डेपोत असते तर पगारातून भरले असते.
इथं भरपाई नाही,
जास्तीचे दोन ओढून हिशोब जुळवायचा नाही.
चुकली ती चुकली, पुढची आपल्या वेळेवर.

साबणाच्या पाण्यातून काढलेली दुधी
खिडकीत निथळतेय. तिला पुसत नाहीत.
खाली सिंहगड रोडवरून शेवटची गाडी,
आतले सगळे दिवे लावून,
एकही माणूस नाही,
धायरीकडे.